लांबलचक डॅनिश शब्द: कुठे तोडायचे, कुठून वाचायचे?

उत्तरेची_वाटसरू

डेन्मार्कमधल्या ओरहूसला येऊन मला सहा वर्षं होतील. आल्यानंतर पहिल्याच महिन्यात शेजारच्या आजींनी जिन्यात थांबवून विचारलं, "तुझं सूगेसिक्रिंग्सकॉर्ट आलं का?" मी नुसतीच हसले. घरी येऊन तो शब्द कागदावर लिहून पाहिला आणि शाळेत शिकवलं होतं तसा अक्षरं फोडून वाचू लागले: सू-गे-सि-क्रिंग्स-कॉर्ट. पाच तुकडे झाले, पण एकाचाही अर्थ लागेना.

पुढे भाषावर्गात आमच्या बाईंनी एक साधी गोष्ट केली. फळ्यावर हाच शब्द लिहिला, त्यावर तळहात ठेवला आणि फक्त शेवटचं टोक उघडं ठेवलं: कॉर्ट. म्हणजे कार्ड. हात जरा डावीकडे सरकवला: सिक्रिंग, म्हणजे विमा, सुरक्षा. आणखी सरकवला: सूग, आजारी. आजारपणाच्या विम्याचं कार्ड. मधे उरले दोन बारके तुकडे, एक 'ए' आणि एक 'स'. बाई म्हणाल्या, ही शिवण आहे. अर्थ कापडात असतो, पण कापड कुठे जोडलंय ते शिवणीवरून कळतं.

त्या दिवसापासून मी डॅनिश शब्द उजवीकडून वाचते, आणि आज हा धागा त्यासाठीच काढतेय. इथे नव्याने येणारी आपली माणसं या शब्दांना घाबरतात, 'ही भाषा आपल्याला जमणार नाही' म्हणून वर्ग सोडतात, हे पाहून मला खरंच वाईट वाटतं. समास शाळेत शिकलेल्या माणसाला या शब्दांची भीती वाटायचं काही कारण नाही.

(डॅनिश शब्द इथे स्पेलिंगच्या जवळपास राहून देवनागरीत लिहितेय. खरा उच्चार बराच वेगळा असतो, त्यावर कुणी जाणकारांनी जरूर लिहावं.)

मुख्य गोष्ट अशी की शेवटचा शब्द घरचा कर्ता. लिंग त्याचं, अनेकवचन त्याचं, 'तो अमुक' असं सांगणारा प्रत्ययही त्यालाच लागतो. डॅनिशमध्ये लिंगं दोन, 'एन' आणि 'एट'. व्हीन म्हणजे वाइन, तिचं लिंग 'एन'. ग्लासचं लिंग 'एट'. दोन्ही जोडून व्हीनग्लास झालं की तो 'एट' होतो. मराठीत वेगळं काय आहे? फूल आणि पाखरू जोडलं की फुलपाखरू, आणि 'ते' फुलपाखरू म्हणतो ते पाखरामुळे. पाणचक्की 'ती', कारण चक्की 'ती'. ओरेसुन्ड्सब्रोएन हा २००० साली खुला झालेला कोपनहेगन-माल्मो पूल. ओरेसुन्ड सामुद्रधुनीचं नाव, मग शिवणीचा 'स', ब्रो म्हणजे पूल, आणि अगदी टोकाला 'तो' सांगणारा 'एन'. अख्ख्या गाडीला एकच शेपूट.

आता तो प्रसिद्ध शब्द, डॅनिशमधला सगळ्यात लांब म्हणून सगळीकडे दाखवतात तो. रोमन लिपीत ५१ अक्षरं:

स्पेशाललेगेप्राक्सिसप्लानलेगनिंग्सस्टाबिलिसेरिंग्सपेरिओडे

तळहात ठेवा. पेरिओडे: काळ. स्टाबिलिसेरिंग: स्थिर करणं, आणि पुढे 'स'. प्लानलेगनिंग: नियोजन, पुन्हा 'स'. प्राक्सिस: दवाखाना, व्यवसाय. लेगे: डॉक्टर. स्पेशाल कळलंच. तज्ज्ञ डॉक्टरांच्या व्यवसायाच्या नियोजनाच्या स्थिरीकरणाचा काळ. आपण 'च्या', 'चा' लावत जे चार वेळा सांगतो, ते त्यांनी दोन 'स' घालून सांगितलं. रोजच्या बोलण्यात हा शब्द कुणी वापरत नाही, पण तो ज्या रीतीने बनलाय तीच रीत टपालात येणाऱ्या प्रत्येक पत्रात असते.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. ओळीच्या शेवटी असा शब्द मावला नाही तर नेमका कुठे तोडायचा? आणि हा 'स' कधी येतो, कधी येत नाही, ते तुम्ही कसं लक्षात ठेवता?

जुळारी

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, कारण माझी भाकरीच त्यावर आहे. कोपनहेगनला छपाईच्या मांडणीचं काम करतो, अकरा वर्षं झाली.

इथे शुद्धलेखनाचा अधिकृत कोश आहे. डॅनिश भाषा मंडळ १९५५ साली स्थापन झालं, ते तो काढतं, आणि १९९७ च्या कायद्याने शाळा आणि सरकारी कचेऱ्यांना तो बंधनकारक आहे. कोशाचं नावच पाहा: रेटस्क्रिव्हनिंग्सओर्डबोगेन. बोग पुस्तक, ओर्ड शब्द, दोन्ही मिळून शब्दकोश. रेट बरोबर, स्क्रिव्हनिंग लेखन, मिळून शुद्धलेखन. या दोन जोड्यांच्या मधोमध 'स'. नावातच नियम शिकवलाय.

साध्या शब्दात दोन स्वरांमध्ये एकच व्यंजन असेल तर ते खालच्या ओळीत जातं: का-गे (केक). जोडशब्दात मात्र सांधा आधी, अवयव (का, गे असे उच्चाराचे तुकडे) नंतर. आणि शिवणीचा 'स' वरच्या ओळीतच राहतो, तो मागच्या शब्दाचा. आर्बाइड्स-प्लाड्स (कामाची जागा) बरोबर, आर्बाइड-स्प्लाड्स चूक.

पण नियमाने चालतं ते सगळं वाचकाला चालतंच असं नाही. रोडव्हीन्सग्लास म्हणजे रेड वाइनचा ग्लास. तो 'रोडव्हीन्स-ग्लास' असा तोडला तर डोळा अडत नाही. 'रोड-व्हीन्सग्लास' तोडला तर वरच्या ओळीत एकटा 'लाल' उरतो आणि वाचक क्षणभर लाल रंगाच्या ग्लासाकडे जातो. म्हणून माझा स्वतःचा नियम असा की एका शब्दात चार सांधे असतील तर सगळ्यात मोठा सांधा शोधायचा, बाकीच्यांना हात लावायचा नाही.

एक चूक माझ्या हातून झाली होती ती सांगतो. एका माहितीपत्रकात अरुंद रकाना होता, आणि हूसआरेस्ट, म्हणजे नजरकैद, हा शब्द यंत्राने अवयव मोजून 'हुसार-रेस्ट' असा तोडला. हुसार म्हणजे जुना घोडेस्वार शिपाई, रेस्ट म्हणजे उरलेला भाग. हूस-आरेस्टचं 'शिपायाचं उरलंसुरलं' झालं, आणि ते छापून गेलं. आशय गंभीर होता, वाचणाऱ्यांत ती शिक्षा भोगणारी माणसं होती. तेव्हापासून यंत्राने तोडलेली प्रत्येक ओळ मी डोळ्यांखालून घालतो.

नव्याने_आलेली

मला येऊन चारच महिने झालेत. हा धागा वाचून पहिल्यांदा हायसं वाटलं. पण व्हीनग्लासमध्ये 'स' नाही, आणि रोडव्हीन्सग्लासमध्ये आहे, असं का? ग्लास तोच, वाइन तीच.

उत्तरेची_वाटसरू

जुळारीदादा, हुसारचा किस्सा मी वर्गात सांगणार!

@नव्याने_आलेली, अगदी योग्य ठिकाणी बोट ठेवलंस. आधी दोनच शब्द होते, जोडले, 'स' लागला नाही. पण रोडव्हीन हा स्वतःच जोडशब्द आहे. त्याला तिसरा जोडताना 'स' येऊन सांगतो की आधीची जोडी इथे संपली, मोठा सांधा इथे आहे. गणितात कंस घालतो, तसं.

दुसरी खूण शेपटांची. मागचा शब्द -हेड, -स्काब, -निंग, -एल्से, -डोम, -शोन (इंग्रजीतलं -शन), -टेट यांपैकी कशाने संपत असेल तर 'स' धरूनच चाल. सुंडहेड म्हणजे आरोग्य, म्हणून सुंडहेड्सकॉर्ट. उनिव्हर्सिटेट, म्हणून उनिव्हर्सिटेट्सबिब्लिओटेक. ओपहोल्डस्टिलाडेल्से, आपली राहण्याची परवानगी, तिच्यापुढे काहीही जोडलंस तरी 'स' येणार.

सगळं इतकं सरळ मात्र नाही. फोडबोल्ड (फुटबॉल) हा फोड आणि बोल्ड असा जोडशब्दच, तरी मैदानाला फोडबोल्डबाने म्हणतात, 'स' गायब. असे शब्द कानानेच लक्षात ठेवावे लागतात. आणि शिवण नेहमी 'स'चीच नसते. बार्नेव्होन (बाबागाडी) मध्ये 'ए', स्टुडेन्टरहुए (शाळा संपल्यावर मुलं घालतात ती पांढरी टोपी) मध्ये 'एर', रोसेनकोल (छोटी कोबी, ब्रसेल्स स्प्राउट) मध्ये 'न'. आर्बाइडे या शब्दाचा तर शेवटचा 'ए' गळून मग 'स' लागतो.

निवृत्त_मास्तर

मला डॅनिश येत नाही. सातारा जिल्ह्यात चौतीस वर्षं मराठी आणि संस्कृत शिकवलं. आपल्या लेखनाने फार आनंद झाला.

आर्बाइडेचा शेवट गळून सांधा लागतो असं लिहिलंत, त्यावरून आपल्याकडचं आठवलं. एकटा असताना 'कवी' दीर्घ, समासात 'कविसंमेलन' ऱ्हस्व. 'विद्यार्थी', पण 'विद्यार्थिगृह'. हे तत्सम शब्दांचं झालं. अस्सल मराठी शब्द तर अंगच चोरून घेतात: घोडा, पण घोडदौड. पाणी, पण पाणबुडी. पोळी, पण पोळपाट. एकटा शब्द आणि जोडीतला शब्द यांचं रूप वेगळं असतं, हे विद्यार्थ्यांना पटवताना माझी वर्षं गेली. समुद्रापलीकडे कुणी तेच करतं हे ठाऊक नव्हतं.

फरकही लक्षात घ्यावा. संस्कृतात संधी सांधा वितळवून टाकतो. विद्या आणि आलय यांचं विद्यालय झालं की दोन 'आ' कुठे गेले ते दिसत नाही. आपण दाखवलेल्या शब्दांत लेखनात तरी प्रत्येक तुकडा शाबूत दिसतो. म्हणजे विग्रह त्यांचा सोपा.

आणि युरोपातले भाषाशास्त्रज्ञ समासांचे प्रकार सांगताना आजही तत्पुरुष, बहुव्रीहि, द्वंद्व ही आपलीच नावं वापरतात. डॅनिशमध्ये बहुव्रीहि आढळतो का, हे सांगावं.

उत्तरेची_वाटसरू

मास्तर, नमस्कार. आढळतो! रोडहाल्स म्हणजे शब्दशः 'लाल गळा', पण अर्थ गळा नव्हे, लाल गळ्याचा तो छोटा पक्षी. नीलकंठासारखाच. द्वंद्वाच्या जवळ जाणारा माझा लाडका शब्द सूरसोड: सूर आंबट, सोड गोड. आंबटगोड, त्याच क्रमाने! बाकी बहुतेक सगळे तत्पुरुषाच्या घरातले. फ्लोडहेस्ट म्हणजे नदीचा घोडा, आपला पाणघोडा.

कोबेनहाउनकर

चर्चा छान चाललीय, पण एक गोष्ट नव्या लोकांना आत्ताच सांगायला हवी. कागदावर सांधा दिसतो म्हणून कानालाही दिसेल असं समजू नका. मी पंधरा वर्षं इथे आहे, बस चालवतो, दिवसभर ऐकतो. लिहिताना शाबूत असलेले तुकडे बोलताना अर्धे गिळलेले असतात. कोबेनहाउन हेच घ्या. मूळ अर्थ व्यापाऱ्यांचं बंदर. लिहिताना तीन अवयव, पण मधला 'ए' कुणी उच्चारत नाही, 'ब' आणि 'न' एकमेकांत मिसळून 'म'सारखं काहीतरी ऐकू येतं.

ऐकताना सांधा शोधायचा तो आघातावरून. जोडशब्दात पहिल्या तुकड्यावर जोर, पुढचा हलका. 'डान्स्क लेरर' तोडून लिहिलं तर डेन्मार्कचा शिक्षक, मग तो गणित का शिकवेना. 'डान्स्कलेरर' जोडून लिहिलं तर डॅनिश विषयाचा शिक्षक, मग तो सोलापूरचा का असेना. कानाला फरक फक्त जोराचा. आपण 'मराठी शिक्षक' म्हणतो तेव्हा दोन्ही अर्थ एकाच लिखाणात राहतात, म्हणून आपल्याला ही सवय नसते. (गावांच्या नावांत जोर उलट शेवटी जातो, कोबेनहाउनमध्ये 'हाउन'वर. तो वेगळा विषय.)

शिवाय स्टोड आहे, घशात आवाज क्षणभर अडवण्याची लकब. 'हुन' म्हणजे ती, आणि 'हुंड' म्हणजे कुत्रा, यांत बोलताना फरक फक्त त्या अडवण्याचा, शेवटचा 'ड' मुका. एकटा 'सोल' (सूर्य) म्हणताना घसा अडतो. 'सोलस्किन' (ऊन) म्हणताना पहिल्या तुकड्यातली ती अडवण सुटते. म्हणजे मास्तर म्हणाले तसंच, जोडीत गेलेला शब्द अंग चोरतो, पण आवाजात. तेव्हा ताई, उजवीकडून वाचा, पण बोलताना डावीकडे जोर द्या. अवयव मोजणं अगदीच निरुपयोगी नाही, एवढंच माझं म्हणणं.

उत्तरेची_वाटसरू

मान्य. वाचण्यावरच सगळा भर दिला, ऐकण्याचं राहून गेलं होतं.

दोन_घरांची

माझा मुलगा साडेचार वर्षांचा, बोर्नेहावेत जातो. बोर्न मुलं, हावे बाग. हा जर्मनवरून केलेला शब्द आहे हे इथल्या ताईंनी सांगितलं आणि मला आपली बालवाडी आठवली. माझं माहेर दापोलीजवळ, आमच्याकडे वाडी म्हणजे नारळी-पोफळीची बागच. म्हणजे बालवाडीही मुलांची बागच की!

मुलगा घरी मराठी बोलतो, पण शब्द डॅनिश पद्धतीने जोडतो. फ्रिजला इथे कोलेस्काब म्हणतात, थंड करण्याचं कपाट. एक दिवस तो म्हणाला, "आई, थंडकपाट उघड." कासवाला स्किल्डपाडे, ढालीचा बेडूक. तर आजीला फोनवर सांगितलं, "मी ढालबेडूक पाहिला." माझ्या सासूबाई त्याला 'फ्रिज म्हण, कासव म्हण' असं सुधारत होत्या. मी त्यांना म्हटलं, आई, राहू द्या. त्याने मराठीत नवा समास केलाय, आणि तोही बरोबर. 'पाणघोडा' पहिल्यांदा म्हणणाऱ्यानेही हेच केलं असणार.

निवृत्त_मास्तर

थंडकपाट फार आवडलं. मुलाला आशीर्वाद.

औट

माझं टोपणनाव या धाग्यासाठीच घेतलं होतं की काय असं वाटतंय. डॅनिश आकडे कुणी काढले नाहीत अजून? तेही जोडशब्दच आहेत, आणि त्यांचा सांधा मराठी माणसाइतका सहज दुसऱ्या कुणाला दिसणार नाही.

पन्नासला हाल्व्हट्रेस म्हणतात. पूर्ण शब्द हाल्व्हट्रेडसिन्डस्ट्यूवे. ट्यूवे वीस, सिन्डे म्हणजे पट, आणि हाल्व्हट्रेडिए म्हणजे 'अर्धा तिसरा'. अर्धा तिसरा कसला? दोन पुरे, आणि तिसऱ्यातला अर्धा. म्हणजे अडीच. अडीच वेळा वीस, पन्नास. परदेशी लोक इथे डोकं धरतात. पण आपला 'अडीच' कुठून आला? अर्धतृतीय. अर्धा तिसरा! अक्षरशः तोच समास.

पुढे चला. दीडला ते हाल्व्हआन्डेन म्हणतात, अर्धा दुसरा. आपला दीड द्व्यर्धपासून, तिथेही 'दोन' आणि 'अर्धा' हेच दोन तुकडे. सत्तरला हाल्व्हफ्येर्स, म्हणजे अर्धा चौथा पट वीस, साडेतीन वेळा वीस. आणि साडेतीनला आपल्याकडे काय होतं? औट! अर्धचतुर्थ. औटकीचा पाढा माझ्या आजोबांना पाठ होता, आणि संतांच्या अभंगांतला 'औट हात' देह म्हणजे साडेतीन हातांचं शरीर. नव्वदला हाल्व्हफेम्स, साडेचार वेळा वीस. साठला ट्रेस, तीन वेळा वीस, म्हणजे गावाकडच्या हिशेबात तीन विसा.

बोलताना पूर्ण शब्द आता कुणी म्हणत नाही, पण 'पन्नासावा' म्हणायचं झालं की अख्खी गाडी परत येते: हाल्व्हट्रेडसिन्डस्ट्यूवेन्डे. पन्नासाव्या वाढदिवसाच्या शुभेच्छापत्रावर एकदा सावकाश लिहून पाहा.

कोबेनहाउनकर

पंधरा वर्षं हे आकडे पाठांतराने वापरतोय. अडीचशी नातं आज कळलं. बसमध्ये उद्यापासून प्रत्येक 'हाल्व्हट्रेस'ला आजोबा आठवणार.

गिरगावकर

या सगळ्यात एक मुंबईचा धागा जोडतो. रास्मुस रास्क (१७८७-१८३२) हा डेन्मार्कचा थोर भाषाशास्त्रज्ञ. रशिया, इराण असा प्रवास करत तो १८२० मध्ये मुंबईत पोचला. इथल्या पारशी मंडळींकडून अवेस्ता (पारशांचा धर्मग्रंथ) आणि पहलवी (जुनी इराणी भाषा) हस्तलिखितं मिळवली, आणि ती पुढे कोपनहेगनला गेली. परतल्यावर १८२६ मध्ये त्याने डॅनिश शुद्धलेखनावर ग्रंथ लिहिला. रोमन लिपीतले दोन 'a' जोडून लिहायच्याऐवजी डोक्यावर गोल असलेलं एक अक्षर वापरावं, असं त्याचं म्हणणं होतं. ते अधिकृत व्हायला १९४८ साल उजाडलं. ज्या शहरातून ताईंचा धागा सुरू झाला ते ओरहूस तर २०११ पासून पुन्हा आपल्या नावात दोन 'a' लिहू लागलं.

जुळारी

गिरगावकर, रास्क मुंबईला आला होता हे माहीत नव्हतं. आभार.

एक राहिलं. दोन जोडशब्दांचं शेपूट सारखं असेल तर ते एकदाच लिहितात आणि पहिल्यापुढे छोटी रेघ देतात. शिवण मात्र रेघेच्या आधी जागच्या जागी राहते: 'बोर्ने- ओ उंगडोम्सलिटेराटूर', बाल- आणि तरुणसाहित्य. मराठीत 'बाल- व कुमारसाहित्य' लिहिताना आपणही ही रेघ द्यायला हवी. हल्ली ती गाळतात, नाहीतर इंग्रजीच्या वळणाने 'कुमार साहित्य' असं तोडूनच लिहितात. डॅनिश लोकांचंही हेच रडगाणं आहे. तिकडेही इंग्रजीमुळे जोडशब्द तुटायला लागलेत. मला हे मनापासून खटकतं. सामासिक शब्द तोडला की आघात हरवतो, कवीचा 'वि' कधी ऱ्हस्व आणि कधी दीर्घ हेही कळेनासं होतं.

निवृत्त_मास्तर

जुळारी यांच्याशी शंभर टक्के सहमत. 'कवी संमेलन' असं तोडून लिहिलेला फलक दिसला की मी आत जाऊन संयोजकांना सांगून येतो.

नव्याने_आलेली

सगळ्यांचं वाचून आज एक शब्द मी एकटीने सोडवला, तपासून द्याल का?

मी नोकरी शोधतेय आणि सगळे मला 'आ-कासे'त नाव घाल म्हणत होते. आ-कासे म्हणजे काय विचारलं तर मैत्रिणीने पूर्ण शब्द लिहून दिला: आर्बाइड्सलोसहेड्सकासे. पहिल्यांदा पाहिला तेव्हा फोन बाजूला ठेवून दिला होता. आज तळहात ठेवला.

कासे: पेटी, निधी. त्याआधी 'स'. त्याआधी हेड, तुम्ही दिलेल्या शेपटांपैकी, म्हणजे 'स' येणारच होता. हेड म्हणजे -पणा. लोस: विना, रहित. पुन्हा 'स'. आणि आर्बाइडे, 'ए' गळलेला: काम. काम-रहित-पणा-ची पेटी. बेकारीचा निधी?

उत्तरेची_वाटसरू

तंतोतंत. आता मैत्रिणीला तो मोठ्याने म्हणून दाखव, जोर 'आर'वर.